गोल घुमट: ओरडायच्या आधी वर बघा

माणदेशी

विजापूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, गोल घुमटात काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं असतं. "टाळी वाजवली की सात वेळा ऐकू येते." शाळेच्या सहलीला गेलेलं पोर हेच सांगतं आणि निवृत्तीनंतर यात्रा कंपनीबरोबर गेलेले काकाही हेच सांगतात. आवाजाची गंमत आहेच, मलाही ती आवडते. पण त्या गमतीपायी माणसं घुमट पाहायचंच विसरतात. तिकीट काढलं, नगारखाना मागे टाकला की सगळ्यांची घाई मनोऱ्यातल्या जिन्याकडे. खालच्या दालनात कुणी थांबत नाही, थांबलंच तर फोटोपुरतं. माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात मोठी करामत त्या खालच्या दालनात उभं राहून, मान वर करूनच कळते. वर सज्जात गेल्यावर ती पायाखाली गेलेली असते.

आधी थोडक्यात ओळख. ही मुहम्मद आदिलशहाची कबर. विजापूरच्या आदिलशाहीतला हा सातवा सुलतान, कारकीर्द १६२७ ते १६५६. बांधकाम त्याच्या हयातीतच सुरू झालं आणि तो गेला तेव्हाही सगळं हातावेगळं झालेलं नव्हतं. इमारत म्हणजे एक प्रचंड घन, प्रत्येक बाजू साधारण साडेसत्तेचाळीस मीटर. चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी मनोरे, प्रत्येक सात मजली, डोक्यावर छोटा घुमट. आणि मधोमध तो मोठा घुमट, बाहेरून ४४ मीटर व्यासाचा. बाहेरची भिंत जवळजवळ कोरीच आहे. प्रत्येक बाजूला तीन उंच कमानी, वर ब्रॅकेटांच्या रांगांवर पेललेला जाडजूड छज्जा, त्याच्या वर छोट्या कमानींची ओळ. घुमट जिथून सुरू होतो तिथे मोठाल्या पाकळ्यांचा वेढा. नक्षी संपली. काळसर दगड आणि आकार, एवढंच भांडवल.

आता आत या. दालन चौरस आहे, एक बाजू सुमारे ४१ मीटर. मध्ये एकही खांब नाही. जमीन भरते जवळपास १,७०० चौरस मीटर. मध्यभागी उंच चौथरा, त्यावर लाकडी छत्रीखाली सुलतानाची कबर आणि शेजारी त्याच्या दोन बेगमा, रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या कबरी. या वरच्या कबरी नुसत्या खुणेच्या. खरं दफन त्यांच्या बरोबर खाली, तळघरात आहे.

चौथऱ्याच्या बाजूला, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी उभे राहा आणि नजर भिंतीवरून सावकाश वर न्या. खाली चौकोन आहे. वर घुमटाचं तोंड गोल आहे. चौकोनाचा गोल कुठे झाला, ते शोधा.

दालनाच्या भिंतींपासून आठ उंच टोकदार कमानी उठतात. त्यांचे पाय असे बसवलेत की नकाशा काढला तर एकमेकांवर तिरके फिरवून ठेवलेले दोन चौकोन दिसतात, आठ टोकांची चांदणीच. या कमानी वर चढताना सरळ राहत नाहीत, एकमेकींना छेदतात. एक कमान दुसरीच्या अंगातून पार होते, पुढे तिसरीला भेटते. त्यांच्या मधल्या जागा दगडी बांधकामानं भरलेल्या आहेत आणि ते भरलेले भाग आत, दालनाच्या पोकळीकडे झुकलेले आहेत. छेदून छेदून वर जाईपर्यंत चौकोनाचे कोपरे गिळले जातात, उरतो तो अष्टकोन, आणि अष्टकोनावर वर्तुळ बसवणं मग अवघड नाही.

एका कमानीवर नजर ठेवा आणि तिच्या पायापासून शेंड्यापर्यंत जा. मध्येच ती हरवते. आपण दुसऱ्याच कमानीवर आलेलो असतो आणि कधी आलो ते कळत नाही. मी प्रत्येक वेळी हे करतो आणि प्रत्येक वेळी हरवतो. चुना आणि दगड एवढ्या गोष्टींतून कुणीतरी हे आधी डोक्यात उभं केलं, मग कागदावर किंवा जमिनीवर आखलं, मग पाथरवटांना समजावलं, मग ते उभं राहिलं. समजावलं कसं असेल, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ उभा असतो.

हे पाहून झालं की मग जिना चढा. मनोऱ्यातून वर गच्चीवर येता. तिथून घुमटाच्या बुडाशी आठ दारं आहेत. एखाद्या दारातून आत जाताना पावलं जरा आवरा. दोन्ही बाजूंना हात लावत चाला. ते दार नाही, बोळ आहे, कारण घुमटाची भिंत तिथे सुमारे तीन मीटर जाड आहे. बाहेरचं ऊन, मग हा थंड अंधारा तुकडा, मग एकदम ती पोकळी. आत सुमारे सव्वातीन मीटर रुंदीचा सज्जा घुमटाच्या पोटाला लागून सगळीकडून फिरलेला. आता टाळी वाजवा, कुजबुजा, काय हवं ते करा.

तिथून निघताना दक्षिण दारावर साखळीला टांगलेला दगडही बघा. त्याला बिजली पत्थर म्हणतात. तो उल्का आहे आणि इमारतीवर वीज पडू नये म्हणून टांगलाय, अशी समजूत आहे. त्याच दारावरच्या फारसी लेखात सुलतानाच्या मृत्यूचं हिजरी साल १०६७ अक्षरांना ठरवून दिलेल्या आकड्यांच्या बेरजेतून निघतं, म्हणजे १६५६.

तुम्ही गेला असाल तर काय पाहिलंत ते लिहा. आवाज सोडून.

पाऊलवाट

छान लिहिलंय. पण आवाजाच्या बाजूनं दोन शब्द बोलू द्या. मी शिक्षिका आहे, मुलांना घेऊन जाते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला "आठ कमानी एकमेकींना छेदतात" असं सांगून ते वर बघणार नाही. पण सज्जात एका टोकाला मैत्रिणीला उभं केलं, दुसऱ्या टोकाला भिंतीशी तोंड नेऊन तिचं नाव हळूच घेतलं आणि पलीकडे तिला ते ऐकू आलं, की त्या मुलीचा चेहरा बघावा. तिथून उतरताना तीच विचारते, "बाई, असं का होतं?" प्रश्न तिथे सुरू होतो. माझ्या अनुभवात मुलं आधी वर जातात, मग खाली येऊन छताकडे बघतात, आणि तेव्हा खरंच बघतात.

माझी तक्रार आवाजाबद्दल नाही, बेशिस्तीबद्दल आहे. शंभर जण एकदम किंचाळले तर कुजबूज कुणालाच ऐकू येत नाही, नुसता गोंगाट होतो. आणि गिलाव्यावर खिळ्यानं नावं कोरणाऱ्यांचं काय करावं हे मला कळत नाही. मी मुलांना आत शिरण्याआधीच सांगते, ही कबर आहे, इथे माणसं पुरलेली आहेत. एवढं सांगितलं तरी वागण्यात फरक पडतो.

माणदेशी

पाऊलवाट, पटलं. मुलांच्या बाबतीत तुमचा क्रम बरोबर आहे. आग्रह आहे तो मोठ्यांसाठी, जे वरून उतरल्यावर सरळ गाडीत जाऊन बसतात. कबरीबद्दल तुम्ही आधीच सांगता हे फार आवडलं.

चुना_वाळू

मी बांधकामातला माणूस आहे, स्ट्रक्चरलचं काम करतो. माणदेशींनी जे भरलेले आत झुकलेले भाग म्हटलेत, त्यांना पेन्डेंटिव्ह म्हणतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. त्यावर सविस्तर लिहितो.

घुमटाचा त्रास असा की तो खाली दाबतोच, शिवाय बुडाशी बाहेरही ढकलतो. छत्री उघडी ठेवून वरून दाबली की काड्या पसरू पाहतात ना, तसं. हा बाहेरचा रेटा आवरला नाही तर घुमट बुडाशी फाटतो, भिंती बाहेर कलतात आणि सगळं खाली येतं. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या जुन्या चर्चचं हेच झालं. ५३७ साली पुरी झाली, भूकंपांनी आधीच खिळखिळा झालेला तिचा पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला. मग जास्त उंच, म्हणजे कमी रेटा देणारा घुमट ५६२ पर्यंत बांधला. शिवाय पुढच्या काळात बाहेरून धीरे, म्हणजे भिंतीला टेकू, द्यावे लागले.

विजापूरच्या कारागिरांनी काय केलं? बाहेरून एकही धीरा नाही, चारही भिंती सरळ. त्यांनी वजन आत आणलं. छेदणाऱ्या कमानींच्या मधलं सगळं दगडी बांधकाम दालनाच्या पोकळीकडे झुकतं, म्हणजे त्याचा कल आत पडायचा. घुमटाचा कल बाहेर जायचा. दोघांनी एकमेकांना धरलंय. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकानं या रचनेचं असंच स्पष्टीकरण दिलं होतं आणि मला ते मूळ मुद्द्यापुरतं आजही पटतं. त्यात घुमटाच्या भिंतीची जाडी आणि कोपऱ्यांवरच्या मनोऱ्यांचं वजन जमेला धरा.

आता तो सज्जा. बरेच जण समजतात की आवाजाच्या गमतीसाठी मुद्दाम केलाय. तसं वाटत नाही. कमानी आत सरकत जाऊन वर अष्टकोनी तोंड तयार झालं. घुमट त्या तोंडाच्या अगदी काठावर न बसवता मागे, भक्कम जागी बसवला. काठ आणि घुमट यांच्यामध्ये जी जागा उरली तीच सज्जा झाली. म्हणजे तुम्ही वर टाळी वाजवता तेव्हा ज्या वजनानं घुमट तोलून धरलाय त्याच वजनावर उभे असता.

घुमट विटांचा आणि चुन्याचा आहे. हा चुना हळूहळू कडक होत जातो, सिमेंटसारखा लगेच ताठत नाही. एवढ्या मोठ्या बांधकामात खालचे थर वरच्या वजनाखाली थोडे बसतात. चुना ते बसणं सोसतो, आपलं नवं काँक्रीट तडकलं असतं. जुन्या इमारतींची डागडुजी सिमेंटनं करू नये म्हणतात ते याचसाठी.

"जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट" हे वाक्य तिथला प्रत्येक गाइड म्हणतो, म्हणून तेही तपासू. आतला व्यास धरला तर गोल घुमट सुमारे ३८ मीटर. रोमचं पॅन्थिऑन हे प्राचीन देऊळ ४३ मीटरच्या वर, तिथलंच सेंट पीटर्स चर्च ४१ च्या वर, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा त्याहून मोठा. तेव्हा दुसरा क्रमांक काही बसत नाही. पण मला तो क्रमांक गैरलागू वाटतो. पॅन्थिऑनचं दालनच गोल आहे, गोलावर गोल. फ्लॉरेन्सला अष्टकोनावर अष्टकोनी घुमट. इथे चौकोनावर गोल आहे. चौकोनावर बसवलेल्या हागिया सोफियाच्या घुमटाचा व्यास ३१ मीटरच्या आसपास. त्या हिशेबात विजापूर कुठे आहे बघा. आणि मोकळी जमीन मोजली तर गोल घुमटाचं दालन पॅन्थिऑनहून मोठं आहे, कारण चौकोनाचे कोपरे जमेला धरले जातात.

आवाजाचं थोडक्यात, पाऊलवाटबाईंच्या मुलांसाठी. कुजबूज पलीकडे जाते ती बहुतेक मधून जात नाही, वाकड्या भिंतीला धरून सरकत जाते. लंडनच्या सेंट पॉल्समध्येही असाच सज्जा आहे, त्यावरून लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञानं हे उलगडून दाखवलं. टाळी मात्र सरळ जाते, आदळते, परत येते. ३८ मीटर ओलांडायला आवाजाला सेकंदाचा नववा हिस्सा लागतो. गिलावा कडक आणि गुळगुळीत असल्यानं तो प्रत्येक वेळी थोडाच विरतो, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

तळटीप

माहिती उत्तम. पण एक बोचतं, ते बोलतो. ही आदिलशाही. हिच्याच मुलखात, हिच्याशीच झगडून स्वराज्य उभं राहिलं. शहाजीराजांना १६४८ मध्ये कैद केलं ते याच मुहम्मद आदिलशहाच्या हुकमानं. जी माणसं आपल्या रयतेवर राज्य करून गेली त्यांच्या थडग्याचं एवढं कौतुक वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. राजगड-रायगडावर इतकं बारकाईनं कोण लिहितं?

आजोळ

तळटीप, तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही. माझं आजोळ विजापूरचं, घरी कानडी-मराठी दोन्ही बोलतात, त्यामुळे हे बोलणं लहानपणापासून कानावर आहे.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मुहम्मद आदिलशहा गादीवर आला १६२७ मध्ये, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे महाराजांचं बालपण, तोरणा, शहाजीराजांची कैद आणि सुटका, जावळी, हे सगळं घडत होतं तेव्हा विजापुरात या कमानी चढत होत्या. १६३६ मध्ये शाहजहानशी तह झाला, निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला गेला, उत्तरेची आघाडी शांत झाली आणि विजापूरच्या फौजा दक्षिणेत कर्नाटकाकडे वळल्या. त्या मोहिमांत विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्याबरोबर शहाजीराजे होते. १६३८ मध्ये बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. दक्षिणेतून आलेल्या दौलतीच्या जोरावरच एवढं बांधकाम परवडलं असणार, हे माझं मत. त्या दौलतीत आपल्या माणसांची तलवारही आहे. या इमारतीच्या इतिहासातून मराठे वगळता येत नाहीत.

आणि महाराज कुठल्या ताकदीशी लढले हे कळायला मला पुस्तकांपेक्षा हा घुमट उपयोगी पडला. समोर उभं राहिलं की कळतं, ही दरबारी मंडळी काय पैसा, काय कारागीर, काय आत्मविश्वास बाळगून होती. पुण्या-सुप्याच्या जहागिरीतल्या एका तरुणानं याच दरबाराला आव्हान दिलं. घुमट छोटा म्हटला तर ते आव्हानही छोटं होतं.

राजगडावर बारकाईनं लिहिणारे हवेत, हे शंभर टक्के मान्य. तुम्ही लिहा, मी आधी वाचीन. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर, संजीवनी माचीच्या दुहेरी तटावर लिहिण्यासारखं केवढं आहे.

तळटीप

आजोळ, तारखा शेजारी ठेवल्यावर चित्र वेगळं दिसतं, हे खरं. बोच पूर्ण गेली नाही, पण या नजरेनं एकदा जाऊन पाहीन. संजीवनीवर लिहायचं मनावर घेतो.

कमानदार

सगळे घुमटाबद्दल बोलताय, मी त्याच्या वडिलांच्या कबरीबद्दल बोलतो. म्हणजे मुहम्मदच्या वडिलांच्या, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या. इब्राहिम रोजा. गोल घुमट शहराच्या पूर्व टोकाला, रोजा पश्चिमेला, तटाच्या बाहेर. विजापुरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर मी लोकांना रोज्याला पाठवतो आणि त्याबद्दल पश्चात्ताप झालेलं कुणी अजून भेटलं नाही.

एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. दोघी सारख्या दिसू पाहतात पण जुळ्या नाहीत. कोपऱ्यांना बारीक मिनार, मधला घुमट पाकळ्यांतून उमलल्यासारखा. मशिदीच्या छज्जाच्या कोपऱ्यांना एकसंध दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात. एका दगडातून सुट्या कड्यांची साखळी कोरायची, ती न तोडता वर चढवायची आणि टांगायची.

पण मी पाठवतो ते कबरीच्या भिंतींसाठी. ओवरीतून आत आलात की चारही बाहेरच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. कुराणातली वचनं, फारसी ओळी, अक्षरांच्या दांड्या एकमेकांत गुंफून केलेली वेलबुट्टी. खिडक्यांच्या वरच्या कमानींत दगडी जाळ्या आहेत आणि त्या जाळ्या नीट पाहिल्या तर जाळ्या नाहीत, अक्षरं आहेत. दगड कोरून अक्षर ठेवलंय आणि अक्षराभोवतीची जागा काढून टाकलीय. आतून पाहिलं की उजेड अक्षरांच्या मधून येतो. एका खिडकीसमोर उभं राहून मी नुसतं हे बघत बसलो होतो की हे अक्षर तोललंय कशावर. प्रत्येक अक्षराला शेजारच्या अक्षराचा कुठेतरी आधार आहे. म्हणजे ओळ लिहिणाऱ्याला सुलेखन तर यायला हवंच, शिवाय कुठला फराटा कुठे टेकवला तर दगड तुटणार नाही हेही यायला हवं. चुना_वाळूंनी वजनाचा जो हिशेब घुमटात दाखवला तोच इथे बोटभर जाडीच्या फराट्यात चाललाय.

आत कबरीच्या खोलीचं छत हा वेगळाच प्रकार. सुमारे बारा मीटर चौरस खोली, खांब नाही, तुळई दिसत नाही, आणि छत मध्ये सपाट आहे, दगडांचं. कडेनं भिंतीपासून थोडं वळत आत आलंय, मग सपाट दगड शेजारी शेजारी. कमानीशिवाय दगड असे अधांतरी राहू नयेत. राहिलेत, तेही चारशे वर्षं. चुन्याची ताकद आणि बसवणाऱ्याचा हात. त्या छताच्या वर मोठी पोकळी आहे आणि तिच्याही वर घुमट. खाली उभं राहून घुमट दिसतच नाही.

लेखांवरून दोन गोष्टी कळतात. वास्तू ताज सुलताना या राणीसाठी म्हणून उभी राहू लागली, आणि काम मलिक संदल यानं पाहिलं. खर्च दीड लाख आणि वर नऊशे हून, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. त्या काळच्या कारागिराचं नाव भिंतीवर राहिलं हे फार मोठं आहे, गोल घुमटाच्या बाबतीत असं ठामपणे सांगता येत नाही. आणि इब्राहिम माणूसही तसाच, संगीताचं वेड, स्वतः पदं रचायचा, त्याच्या किताब-ए-नवरस या पदांच्या पुस्तकात सरस्वतीला वंदन आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. मुलानं वडिलांची ही कबर पाहिली असणार आणि ठरवलं असणार की कोरीवकामात यांच्यापुढे जाणं नाही, आपण आकारात जाऊ. हा माझा अंदाज, पण दोन्ही पाहून आलात की तुम्हालाही तसंच वाटेल.

चुना_वाळू

कमानदार, त्या छताबद्दल आम्हा लोकांत कायम चर्चा होते. कडेचा वळता भाग महत्त्वाचा आहे, त्यानं मधली सपाट जागा बरीच कमी केलीय. तरीही आज मला कुणी तसं छत काढायला सांगितलं तर मी सही करणार नाही.

माणदेशी

कमानदार, जाळीबद्दलचं वाचून मी पुढच्या वेळी दिवस वाढवणार आहे. मी आजवर रोज्याला घाईत गेलो, बाहेरून बघून निघालो.

शेवंती

विषय कबरींचा निघालाच आहे तर आमच्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा विसरू नका. "गरिबांचा ताज" हे ऐकून ऐकून मला राग येतो. दिलरस बानू बेगम, औरंगजेबाची बेगम, १६५७ मध्ये वारली. तिच्यासाठी हा बांधला, काम तिचा मुलगा आझमशहा याच्या नावानं ओळखलं जातं. आराखडा करणारा अताउल्ला हा ताजमहालाचा प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी याचाच मुलगा. त्याचं नाव प्रवेशदाराच्या पितळी पत्र्यावर आहे, हंसपतराय या अभियंत्याच्या नावाबरोबर. वडिलांचं काम डोळ्यांसमोर असताना मुलाला त्याच धर्तीवर, पण फार थोड्या पैशात काम मिळालं. नोंद आहे ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आण्यांची. ताजच्या बाबतीत कोटींचे आकडे सांगतात.

मग त्यानं काय केलं ते जवळ जाऊन पाहा. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता ठेवला, माणसाच्या हाताला लागतो तिथवर. त्याच्या वर घुमटापर्यंत इथलाच काळा दगड, त्यावर पांढरा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवराचा. म्हणजे जिथे हात लागतो आणि जिथे आभाळ लागतं तिथे महागाचा माल, मधे चुना. तो गिलावा नुसता चुना फासलेला नाही, त्यात वेली, फुलं उठवलेली आहेत आणि घासून चकाकी आणली आहे. आमच्या भागातले जुने गवंडी अजूनही तसा गिलावा करू शकणाऱ्याला मान देतात. संगमरवर उत्तरेतून आणावा लागायचा. तावेर्निए हा फ्रेंच व्यापारी सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला संगमरवर भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत दिसल्या, प्रत्येकीला निदान बारा बैल.

आणि आतली एक गोष्ट ताजमध्ये नाही. इथे कबर खाली आहे, तुम्ही वरच्या मजल्यावरून अष्टकोनी मोकळ्या तोंडातून खाली वाकून पाहता. भोवती संगमरवरी जाळीचा कठडा. गोल घुमटात खरी कबर तळघरात लपवली, वर खूण ठेवली. इथे कबर आणि तुमच्यात फक्त उंची आहे. दोन्ही पाहून आल्यावर हा फरक माझ्या मनात राहिला.

पाऊलवाट

शेवंती, त्या कठड्याशी मुलं आपोआप गप्प होतात. सांगावं लागत नाही.

आजोळ

"जिथे हात लागतो आणि जिथे आभाळ लागतं" हे फार नेमकं सांगितलंत. यापुढे मकबरा बघताना हेच आठवणार.

रानवारा

सगळं वाचून जायचं ठरवलंय. आई बरोबर आहे, सत्तरीची, गुडघे दुखतात. सज्जापर्यंत जिना कसा आहे? आणि एका दिवसात गोल घुमट आणि इब्राहिम रोजा दोन्ही होईल का? आम्ही सोलापुरात मुक्काम करतोय.

आजोळ

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला आहे, सकाळी लवकर निघा. आईंना सज्जापर्यंत नेऊ नका. जिना मनोऱ्याच्या आतून सात मजले चढतो, पायऱ्या उंच आणि अरुंद, चढणारे-उतरणारे एकाच वाटेनं, मध्ये बसायला जागा फारशी नाही. आईंसाठी खालचं दालन पुरेसं आहे, माणदेशींनी सांगितलंय तसं एका बाजूला थांबवा आणि त्या आठ कमानी दाखवा. तुम्ही वर जाऊन या, बरोबर कुणीतरी त्यांच्यापाशी थांबेल असं बघा. सकाळी लवकर गेलात तर सहलींची गर्दी नसते, म्हणजे खाली बोललेलं एकमेकांना समजतं. नगारखान्यातलं संग्रहालय उतरल्यावर करा.

दुपारी जेवण, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल तिथे. मग थोडी विश्रांती. वाटेत बारा कमान आहे, दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर, नुसत्या कमानी उभ्या आहेत. छत कधी चढलंच नाही, त्यामुळे कमान आतून कशी रचतात ते तिथे उघड्यावर दिसतं. गोल घुमटात जे गिलाव्याखाली झाकलंय ते इथे पाहून घ्या, दहा मिनिटं लागतील.

इब्राहिम रोजा संध्याकाळसाठी ठेवा. कबरीची पश्चिमेकडची भिंत मावळतीच्या उजेडात येते, कमानदारांनी सांगितलेली अक्षरं तेव्हा चांगली उठून दिसतात. तिथे जिना चढायचा नाही, चौथऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या आहेत, आईंना हात धरून नेता येईल. सूर्यास्ताच्या सुमाराला बंद करतात, म्हणून साडेचारपर्यंत पोचा.